मे महिन्यातला केक

मुलुंड, मुंबई
18 मे

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "यंदा केक इथेच मागवते, तू दगदग करू नकोस." मागव, बाळा. पण तुझ्या वाढदिवसाचा केक मी इथे केलाय, आणि या खेपेला तो अगदी मनासारखा झालाय. तो कसा केला, ते तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

तुझा वाढदिवस ऐन मेमधला. निम्मी बिल्डिंग गावाला गेलेली असायची आणि तुला हवा असायचा ताज्या स्ट्रॉबेरीचा केक. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी थंडीत येते आणि ऊन तापलं की संपते. मेमध्ये आणायची कुठून? मी डब्यातला अननस लावायचे. सातव्या वाढदिवसाला तू त्या केककडे नुसतीच बघत राहिलीस, काही बोलली नाहीस. ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. पुढे एकदा क्रॉफर्ड मार्केटातून परदेशी ब्लूबेरीची डबी आणली. महाग तर होतीच, वर चवीला पाणचट निघाली.

गेल्या वर्षी याच दिवसांत स्टेशनबाहेर एक बाई पाटी घेऊन बसली होती. कर्जतकडून सकाळच्या गाडीने आली होती. पाटीत काळीभोर करवंदं. द्रोण घेतला, एक फोडलं तर आत लालचुटुक. कोंबडा! नेरळहून माथेरानला चढताना आपण खेळायचो ते आठवलं ना? लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. तिथेच उभी राहून मनात म्हटलं, पोरीच्या वाढदिवसाला पिकणारं फळ हे, आणि मी इतकी वर्षं स्ट्रॉबेरी शोधत बसले.

पहिला केक बिघडला. लवकर फुगावा म्हणून खायचा सोडा जास्त घातला, तर करवंदांभोवती निळसर-हिरवे डाग पडले. सोड्याने अशा लाल-जांभळ्या फळांचा रंग पालटतो. आता फक्त बेकिंग पावडर घालते आणि सोबत आंबट दही. रंग छान राहतो.

माप लिहून घे. 180 ग्रॅम मैदा, 120 ग्रॅम बिनमिठाचं बटर, 130 ग्रॅम साखर, 2 अंडी, 100 ग्रॅम दही, दीड टीस्पून बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. बटर तासभर आधी बाहेर काढून ठेवा असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण आपल्या मेमध्ये तासाभरात त्याचं तूप होतं आणि मग फेटताना त्यात हवा धरत नाही. दहा मिनिटं पुरे. बोट दाबल्यावर खळगा पडावा, पण बोट तेलकट होऊ नये.

खरं काम करवंदांचं. 200 ग्रॅम घे, चांगली पिकलेली. कच्च्याचा चीक सुरीला आणि बोटांना चिकटून बसतो, म्हणून हाताला थोडं तेल लावायचं. मिठाच्या पाण्यात धुऊन, पुसून, उभी चिरायची आणि चमच्याच्या टोकाने बिया काढायच्या. हे घाईचं काम नाही. मी दुपारी पंख्याखाली बसते, समोर ताट, बोटं जांभळी होतात. मग दोन चमचे साखर लावून अर्धा तास ठेवायची. रस सुटतो तो गाळून घ्यायचा आणि फोडी चमचाभर मैद्यात घोळवायच्या, नाहीतर सगळ्या तळाला जाऊन बसतात. पीठही घट्टसरच हवं. सात इंची भांड्यात आधी अर्धं पीठ, त्यावर अर्ध्या फोडी, पुन्हा पीठ, उरलेल्या फोडी वर. तापलेल्या ओव्हनमध्ये 180 अंशांवर पाऊण तास. सुरी कोरडी निघाली की झालं. गाळलेला रस थोडी साखर घालून आटव आणि केक गरम असतानाच वरून ओत.

काल कापला. आंबटगोड, कडेला किंचित खरपूस, मधेच करवंदाचा तो तुरट चटका. बाबांनी दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाले, मनूला आवडेल.

पावसाच्या पहिल्या सरी आल्या की करवंदं संपतील. बिया काढून दोन डबे फ्रीजरमध्ये ठेवलेत, वर तुझं नाव लिहिलंय. जूनचं तिकीट काढलंस की कळव, आदल्या रात्री बाहेर काढून ठेवीन.

तुझी,
आई