सोडलेला हक्क आणि सोडवून घेतलेला हक्क

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

तुझे पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला तो आळसाने नव्हे. तू विचारलेल्या प्रश्नावर माझे मत तयार आहे अशा समजुतीत मी लिहायला बसलो आणि दोन वेळा कागद फाडून टाकला. तुमच्या मंडळीने, म्हणजे चर्चने, पूर्णवेळ पाळक (धर्मोपदेशक) नेमल्यास त्याला वेतन द्यावे, की त्याने पोटापाण्यासाठी दुसरे काही काम करून सेवा विनामूल्य करावी, यावरून समितीत दोन तट पडले आहेत आणि दोन्हीकडचे लोक बायबलातील शास्त्रवचने घेऊनच बसले आहेत, असे तू लिहितोस. मी बारा वर्षे मंडळीचा खजिनदार होतो म्हणून तू मला विचारलेस हे उघड आहे. खजिनदाराला या प्रश्नाची जी बाजू दिसते ती इतरांना सहसा दिसत नाही, आणि ती फारशी शोभिवंत नसते.

'तुम्हांला फुकट मिळाले, फुकट द्या' हे वचन वेतनाच्या विरोधकांनी पुढे केले आहे. मत्तयाच्या दहाव्या अध्यायातील ते आठवे वचन आहे खरे. परंतु त्याच उपदेशात, दोनच वचने पुढे, कामकरी आपल्या अन्नास पात्र आहे असेही येशू म्हणतो, आणि लूकच्या दहाव्या अध्यायात अन्नाच्या जागी मजुरी हा शब्द आहे. ही दोन वचने एकमेकांची वैरी आहेत असे मला वाटत नाही. फुकट द्यायचे ते काय, हे तिथेच सांगितले आहे: रोग्यांना बरे करणे, कुष्ठ्यांना शुद्ध करणे, म्हणजे देवाकडून आलेली कृपा. तिला किंमत लावायची नाही. ती घेऊन दारोदार जाणाऱ्या माणसाला मात्र भूक लागते, आणि त्या भुकेची जबाबदारी ज्यांच्या दारी तो जातो त्यांची. अलीशा संदेष्ट्याने कुष्ठातून बऱ्या झालेल्या नामानाकडून काही घेतले नाही आणि त्याचा चाकर गेहजी याने मागे धावत जाऊन चांदी व वस्त्रे उकळली, त्यात गेहजीचा अपराध पोट भरण्याचा नव्हता. फुकट झालेल्या कामाचे त्याने मागाहून बिल लावले, हा होता. प्रार्थनेचे, बाप्तिस्म्याचे किंवा दफनविधीचे दर ठरवणारा पाळक गेहजीच्या वाटेने चालला आहे, आणि महिन्याच्या ठरलेल्या रकमेवर घर चालवून सर्वांसाठी सारखीच प्रार्थना करणारा पाळक त्या वाटेने चाललेला नाही, इतका साधा भेद मी करतो.

आता प्रेषित पौलाकडे येतो, कारण तुझ्या पत्रात खरा वाद त्याच्यावरूनच आहे. करिंथात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू करण्याचे काम करत होता. थेस्सलनीकाकरांना तो लिहितो की कोणावर भार पडू नये म्हणून आम्ही रात्रंदिवस काम केले. मिलेत येथे इफिसच्या मंडळीच्या वडीलधाऱ्या कारभाऱ्यांचा निरोप घेताना तो स्वतःचे हात दाखवतो. म्हणून पाळकाने पौलासारखे व्हावे, असे तुमच्या समितीतील एका ज्येष्ठांचे म्हणणे आहे. त्यांना करिंथकरांस पहिल्या पत्राचा नववा अध्याय सबंध वाचायला सांग. पदरच्या खर्चाने शिपाईगिरी कोण करतो, द्राक्षमळा लावून त्याचे फळ कोण खात नाही, कळप राखून त्याचे दूध कोण घेत नाही, असे प्रश्न एकामागून एक विचारून, मळणीच्या बैलाला मुसके बांधू नये ही मोशेची आज्ञा पुढे करून, मंदिरात सेवा करणाऱ्यांचा दाखला देऊन, शेवटी सुवार्ता सांगणाऱ्यांची उपजीविका सुवार्तेवर व्हावी अशी प्रभूचीच आज्ञा आहे, इथपर्यंत तो येतो. आणि हे सगळे सिद्ध केल्यावर मग म्हणतो की मी मात्र यांपैकी कशाचाही उपयोग केला नाही. आधी हक्क पक्का केला, मग तो स्वतः होऊन सोडला. हक्कच नसता तर सोडण्यासारखे त्याच्याजवळ काय होते?

मला जे सांगायचे आहे ते खरे म्हणजे एवढेच आहे. हक्क सोडण्याचा अधिकार पौलाला होता. तो सोडवून घेण्याचा अधिकार करिंथकरांना नव्हता. तुमच्या पाळकाने उद्या उठून सांगितले की माझे दुसरे उत्पन्न आहे, मला काही नको, तर त्याचे आभार माना. पण समितीने ठराव करून त्याच्याकडून त्याग करवून घ्यायचा आणि त्याला पौलाचे नाव द्यायचे, यात त्याग कोणाचा होतो आणि पैसा कोणाचा वाचतो ते तूच पाहा. दुसऱ्याच्या खर्चाने साधुत्व मिरवणे फार स्वस्त असते.

हे मी चिडून लिहितो आहे असे तुला वाटेल, आणि ते थोडे खरेही आहे. माझ्या खजिनदारकीच्या काळात आमच्या समितीने एका पाळकाची वेतनवाढ सलग चार वर्षे पुढे ढकलली. मंडळी गरीब नव्हती; त्याच चार वर्षांत इमारतीच्या दर्शनी भागाचे काम आम्ही मोठ्या हौसेने करवून घेतले. पाळकाने एकदाही तोंडातून शब्द काढला नाही, आणि त्याच्या त्या मौनाला आम्ही समाधान समजत होतो. पुढे केव्हातरी कळले की त्याच्या मुलीच्या शिक्षणाची फी त्याच्या पत्नीने स्वतःचे दागिने मोडून भरली होती. तो ठराव पुढे ढकलणाऱ्यांत माझाही हात वर होता. नहेम्याच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात लेव्यांना, म्हणजे मंदिराच्या सेवकांना, त्यांचे वाटे मिळेनासे झाल्यामुळे ते मंदिर सोडून आपापल्या शेतांकडे निघून गेल्याची हकिकत आहे. नहेम्याने त्या वेळी लेव्यांना बोल लावला नाही. देवाचे मंदिर का सोडून दिले, असा जाब त्याने अधिकाऱ्यांना विचारला. हा अध्याय मी पूर्वी अनेकदा वाचला असेल, पण त्यातले अधिकारी म्हणजे आम्ही, हे मला फार उशिरा दिसले.

पण तुझ्या समितीतील विरोधक केवळ कंजूष आहेत असे समजू नकोस. त्यांच्या भीतीला आधार आहे, आणि तो शास्त्रातच आहे. शास्ते या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात मीखा नावाचा माणूस एका तरुण लेव्याला वर्षाला दहा रुपे, एक पोशाख आणि अन्न एवढ्यावर घरचा पुरोहित म्हणून ठेवतो. पुढच्या अध्यायात दान वंशाचे लोक येऊन त्याला विचारतात की एका माणसाच्या घरचा पुरोहित असणे बरे, की एका सबंध वंशाचा? त्याला आनंद झाला, असे तिथे लिहिले आहे, आणि मीखाच्या मूर्ती उचलून तो त्यांच्याबरोबर चालता झाला. बढतीचे इतके जुने आणि इतके निर्विकार वर्णन मी दुसरीकडे वाचलेले नाही. ज्याला दर ठरवून ठेवले, तो अधिक दर देणाऱ्याकडे जाणारच; आणि जाईपर्यंत ठेवणाऱ्याला आवडेल तेच बोलेल. योहानाच्या दहाव्या अध्यायातला मेंढरे राखणारा मोलकरीही लांडगा आला की पळतो. मात्र तिथे कसोटी पळण्याची आहे, घेण्याची नाही. न घेणारेही पळताना मी पाहिले आहेत.

तेव्हा प्रश्न असा उरतो की पाळकाचा निर्वाह तर व्हावा, पण त्याच्या जिभेला देणाऱ्याचे दावे बांधले जाऊ नये, हे कसे साधायचे? इथे पौलाची एक गोष्ट माझ्या नजरेतून बरीच वर्षे निसटली होती. तो कोणाकडूनच काही घेत नसे, हे खरे नाही. फिलिप्पै गावच्या मंडळीकडून त्याने घेतले, तेही एकापेक्षा अधिक वेळा. करिंथकरांना तर तो उपरोधाने सांगतो की तुमची सेवा करता यावी म्हणून मी दुसऱ्या मंडळ्यांना लुटले, त्यांच्याकडून वेतन घेतले. म्हणजे जिथे तो त्या वेळी शिकवत होता तिथून घेत नसे, आणि जे गाव मागे सोडले तिथून आलेले आनंदाने स्वीकारत असे. त्या काळी श्रीमंत आश्रयदाते विद्वानांना पदरी ठेवत, आणि करिंथातील धनिकांचा असा मिंधेपणा त्याला नको होता, असे अनेक अभ्यासक मानतात. करिंथकरांना त्याचे न घेणे लागलेही असावे, कारण 'या अन्यायाबद्दल मला क्षमा करा' असे तो त्यांना लिहितो. देणारा हात आणि ऐकणारा कान यांच्यात त्याने अंतर ठेवले होते. आपल्याला दुसऱ्या गावाहून पैसा येणार नाही हे खरे, पण ते अंतर निर्माण करण्याचे इतर मार्ग आहेत, त्यांच्याकडे मी येतोच.

आरंभीच्या मंडळीलाही हीच अडचण होती. 'दिदाखे' नावाची जी प्राचीन शिकवण आहे, जिची हस्तलिखित प्रत १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे सापडली आणि १८८३ मध्ये छापली गेली, तिच्यात फिरत्या प्रेषिताबद्दल गंमतीदार वाटावेत असे नियम आहेत: त्याने एक दिवस राहावे, गरज पडल्यास दोन, तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा, निघताना भाकरीपलीकडे काही घेऊ नये, पैसे मागितले तर तो खोटा. पण तेच लिखाण पुढे सांगते की खरा संदेष्टा तुमच्यात वस्ती करू पाहत असेल तर तो आपल्या अन्नास पात्र आहे, त्याला आपल्या पिकाचा प्रथमभाग द्या. पाहुण्याला एक नियम आणि राहणाऱ्याला दुसरा. पौल पाहुणा होता, शिवाय सडा होता; तुमचा पाळक राहणारा आहे आणि कुटुंबवत्सल आहे, हा फरक तुमच्या समितीत कोणी मांडलेला दिसत नाही. पुढे इतिहासकार युसेबियस नाताल्य नावाच्या एका माणसाची कथा सांगतो, ज्याला एका पाखंडी पंथाने महिना १५० दिनारांवर आपला बिशप नेमले. ती सांगण्याच्या सुरातच मासिक पगाराबद्दलचा तिटकारा ऐकू येतो. तरीही पन्नासएक वर्षांत, कार्थेजचा बिशप कुप्रियान याच्या काळी, धर्मसेवकांना महिन्याच्या महिन्याला वाटा मिळणे रुळून गेले होते, आणि त्यांनी व्यवहाराच्या पाठीमागे लागून वेदीकडे दुर्लक्ष करू नये असा त्याचा आग्रह होता.

ज्यांनी वेतन प्रामाणिकपणे नाकारले त्यांच्याबद्दल मला पूर्ण आदर आहे. इंग्लंडमधील पाळक जॉर्ज म्यूलर यांनी १८३० मध्ये आपले ठरलेले वेतन सोडले. ते वेतन प्रार्थनामंदिरातील बाकांच्या भाड्यातून येत असे, म्हणजे पुढची चांगली जागा पैसेवाल्याला आणि मागची गरिबाला, आणि बसण्याच्या जागेत श्रीमंत-गरीब असा भेद करू नका असे सांगणारा याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय वाचणाऱ्याला हे पाहवणे कठीण होते. त्यांनी दाराशी एक पेटी ठेवली आणि ज्याला जे द्यायचे ते त्यात टाकावे असे सांगितले. पैसा मंडळीकडूनच येत राहिला. फक्त तो कोणी टाकला हे दिसेनासे झाले. उलट टोकाला जर्मनीतील चर्चकर पाहा: सदस्याच्या आयकराच्या आठ किंवा नऊ टक्के रक्कम सरकारच गोळा करून चर्चला देते. तिथे पाळकाला कोणा एका धनिकाचे तोंड पाहावे लागत नाही, हा मोठा लाभ आहे. पण कर भरणे आणि दान देणे यांत जो फरक असतो तो तिथे पुसला जातो, आणि कर नको म्हणून सदस्यत्वाचा रीतसर राजीनामा देण्याची वेळ माणसांवर येते.

बिनपगारी व्यवस्था अधिक शुद्ध असते, हा समजही मी खजिनदार असतानाच टाकून दिला. जिथे ठरलेली, सर्वांना ठाऊक असलेली रक्कम नसते, तिथे पैसा यायचा थांबत नाही. तो पाकिटांतून थेट पाळकाच्या हाती जातो, आणि किती आला, कोणी दिला, कशासाठी दिला, हे त्याच्याखेरीज कोणालाच कळत नाही. यरुशलेमसाठी गोळा झालेली वर्गणी नेताना कोणी दोष लावू नये म्हणून पौलाने मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतला होता. हिशेबाच्या वहीत लिहिलेले वेतन पाळकाला बांधून ठेवते तसे त्याचे रक्षणही करते.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात चांगला कारभार करणारे मंडळीचे वडीलधारे दुप्पट सन्मानास पात्र आहेत असे म्हटले आहे, आणि लगेच पुढच्या वचनात बैल आणि मजुरी आली आहे. तिथला ग्रीक शब्द आदर आणि मोल हे दोन्ही अर्थ पोटात घेऊन बसला आहे. आपल्या भाषेत मानधन हा शब्द नेमका तसाच आहे, आणि पगार या शब्दापेक्षा तो मला इथे बरा वाटतो. अर्थात मानधन म्हणून पगारापेक्षा कमी द्यायचे, ही जी चलाखी आपण सर्वत्र करतो, ती इथे करू नये. पगार झालेल्या कामाचा मोबदला असतो. पाळकाला द्यायचे ते अशासाठी की मृत्यूची बातमी भरदुपारी आली तर त्याला कोणाकडे रजा मागावी लागू नये.

तू समितीपुढे काय मांडावेस? रक्कम तुमच्या सभासदांच्या मधल्या थराला जे राहणीमान लाभते तेवढी असावी, ती पाळकाने मागण्याआधी दरवर्षी पाहिली जावी, आणि ती सर्वसाधारण सभेत वाचून दाखवावी. कोणी किती दिले हे खजिनदाराखेरीज कोणालाही, विशेषतः पाळकाला, कळू नये. मी बारा वर्षे ते पाळले, आणि एका बड्या देणगीदाराने आपले नाव पाळकाच्या कानावर घालण्याचा आग्रह धरला तेव्हा त्याची देणगी परत केली, त्यावरून घरीदारी बोलणीही खाल्ली. विधींसाठी वेगळे पैसे कोणी दिलेच तर ते मंडळीच्या पेटीत जावेत. पाळक स्वतः अर्धवेळ दुसरे काम करू इच्छित असेल तर करू द्या, पण मग त्याच्याकडून पूर्णवेळाची अपेक्षाही ठेवू नका. अर्ध्या मानधनात सबंध माणूस मिळतो असे गृहीत धरणाऱ्या मंडळ्या मी पाहिल्या आहेत.

आणखी दोन गोष्टी समितीत कोणीही काढणार नाही, म्हणून तूच काढ. पाळक आयुष्यभर मंडळीच्या घरात राहतो आणि निवृत्त होतो त्या दिवशी त्याला स्वतःचे छप्पर नसते. तेव्हा मानधनाबरोबरच त्याच्या म्हातारपणासाठी काही रक्कम पहिल्या महिन्यापासून बाजूला पडली पाहिजे. दुसरी गोष्ट त्याच्या पत्नीची. शब्बाथशाळा, स्त्रियांची सभा, आजाऱ्यांच्या भेटी आणि अवेळी आलेल्यांचा पाहुणचार हे सगळे ती करील असे तुम्ही मुलाखतीच्या वेळीच मनात धरलेले असेल. तिला विचारले आहे का?

बैठक झाली की काय ठरले ते कळव. रक्कम किती ठरली हेही लिही. खजिनदाराची जुनी खोड जात नाही.

तुझा,
एक जुना खजिनदार