ग्रीनिंगचा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवण्यासाठी पाठबळ हवे

महोदय,

अंबड तालुक्यातील आमच्या मोसंबीच्या बागेत काही झाडांच्या पानांवर मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना न जुळणारे पिवळे चट्टे पडले, आणि फळ कापले तेव्हा ते एका कुशीने तिरपे वाढलेले व बिया वठून काळ्या पडलेल्या निघाल्या. जस्ताची कमतरता समजून फवारण्यांत एक अख्खा हंगाम गेला; पुढे पीसीआर चाचणीत ग्रीनिंग हा लिंबूवर्गीय झाडांचा जिवाणूजन्य रोग निष्पन्न झाला.

हा जिवाणू झाडाच्या रसवाहिन्यांत आणि सिट्रस सिला या किडीच्या शरीरात वाढतो, परंतु प्रयोगशाळेतल्या कृत्रिम माध्यमावर (जिवाणू वाढवण्याच्या पोषक मिश्रणावर) त्याचे शुद्ध व टिकाऊ संवर्धन अद्याप साधलेले नाही, म्हणूनच त्याच्या नावाआधी ‘कँडिडेटस’ हा शब्द लागतो. २००९ मध्ये त्याचा जनुकक्रम उलगडला, तरीही तो प्रयोगशाळेतल्या बशीत वाढत नसल्यामुळे प्रत्येक औषधाची परीक्षा जिवंत झाडावर, कित्येक महिने वाट पाहून करावी लागते. शेतकऱ्याला एवढी वाट परवडत नाही.

हे काम अशक्य मुळीच नाही. द्राक्षाच्या पिअर्स रोगाचे वर्णन १८९२ मध्ये झाले, त्याचा जिवाणू माध्यमावर वाढायला १९७८ साल उजाडले, आणि मधली कित्येक वर्षे तो रोग विषाणूजन्य मानला जात होता. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाला अशा चिकाटीच्या कामासाठी कायमस्वरूपी पदे आणि दीर्घ मुदतीचा निधी शासनाने द्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक मोसंबी उत्पादक, जि. जालना