मुंबईला हो म्हण

बडोदे,
१७ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. मनूस अनेक आशीर्वाद.

मुंबईच्या संग्रहालयाकडून आलेलं नेमणुकीचं पत्र तू बाबांना व्हॉट्सॲपवर पाठवलंस आणि खाली लिहिलंस, "नाही कळवणार आहे. दिल्ली सोडून कशी जाऊ?" बाबांनी ते मला दाखवलं आणि पेपर उघडून बसले. मला राहवेना. फोनवर आपण दोघी दोन मिनिटांत रडायला लागतो आणि बोलायचं ते राहून जातं, म्हणून लिहिते आहे. मने, मुंबईला हो म्हण. तीन वर्षांची नेमणूक आहे, जुनी वस्त्रं आणि चित्रं जतन करायचं काम आहे, तू जे शिकलीस तेच काम आहे. अशी जागा पुन्हा कधी निघेल कोण जाणे.

तू दिल्लीत जाऊन राहिलीस ती जावईबापूंकडे अमेरिकेला जायच्या व्हिसाची मुलाखत तिथे होणार म्हणून. तेव्हा आम्हीही अडवलं नाही. वाटलं, नवऱ्याच्या वाटेवर चार पावलं पुढे जाऊन बसली आहे, बसू दे. पण मी उभी हयात न्यायमंदिरात कारकुनी केली आहे. पक्षकार रोज येऊन बाकावर बसतो म्हणून तारीख अलीकडे येत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बाकावर बसून बसून त्याचं शेत पडीक राहतं, तेवढंच.

तुझ्या अर्जाचं नीट समजून घे. तो आय-७३० अर्ज तुझा नाही, जावईबापूंचा आहे. ते अफगाण, त्यांना अमेरिकेत असायलम, म्हणजे आश्रय मिळाला, त्या हक्काने त्यांनी बायकोसाठी केलेला अर्ज. पोच त्यांच्या नावाने आली, निकालही त्यांना आणि त्यांच्या वकिलांना कळणार. मंजुरी मिळाली तर फाइल तिथल्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते, तिथून दिल्लीच्या दूतावासात येते, मग तुला मुलाखतीला बोलावतात आणि त्यांच्याच पॅनलवरच्या डॉक्टरांकडून मेडिकल करून घेतात. म्हणजे मंजुरी आज आली तरी उद्या सकाळी कुणी तुझ्या दाराशी येऊन "चला" म्हणणार नाही. मुंबईहून दिल्ली विमानाने दोन तासांची. पत्ता बदलला तर तसं कळवायचं. पत्ता बदलला म्हणून अर्ज बाद होत नाही. तुझ्यापेक्षा जावईबापूंनाच याची काळजी घ्यायला सांग. त्यांनी घर बदललं तर दहा दिवसांच्या आत कळवणं त्यांना बंधनकारक आहे. मागच्या वेळी त्यांनी खोली बदलली तेव्हा मी पहिलं तेच विचारलं होतं, आठवतं ना?

आणि तुझं वयही या अर्जात आडवं येत नाही. मुलांच्या बाबतीत एकवीस वर्षांची अट असते, त्यासाठी तिकडे २००२ साली वेगळा कायदा करावा लागला. बायकोला तशी अट नाही. तुम्ही दोघं नवरा-बायको आहात आणि त्यांचं असायलम कायम आहे, तोवर तुझा हक्क कुठे जात नाही. उशीर होतो आहे, तो खरा आणि फार वाईट आहे. पण उशिराने हक्क बुडत नाही, हे मनात पक्कं कर.

परवा कपाट आवरताना तुमचा लग्नाचा दाखला पुन्हा बाहेर काढला. विशेष विवाह कायदा, १९५४. तारीख २०२१ च्या फेब्रुवारीतली. तीस दिवस नोटीस फळ्यावर लागली होती आणि आत्या रोज विचारायची, कुणी हरकत तर घेतली नाही ना? खाली तीन साक्षीदारांच्या सह्या. बाबांची ती नेहमीची शेपटीवाली, आत्याची थरथरती, आणि जावईबापूंच्या वसतिगृहातल्या मित्राची उजवीकडून डावीकडे गेलेली. कारकून बाई क्षणभर थबकल्या, मग म्हणाल्या, सही ती सही, आणि शिक्का मारला. शिक्क्याची शाई त्या सहीच्या शेवटच्या अक्षरावर थोडी पसरली आहे. तो डाग तुझ्या प्रतीवरही दिसेल.

तेव्हा वाड्यातल्या सगळ्यांनी सांगितलं होतं, घाई कसली, कोरोना जाऊ द्या, हॉल घ्या, मांडव घाला. तुम्ही दोघं ऐकत नव्हतात. मने, आज त्या तारखेवरच सगळं उभं आहे. त्यांना असायलम मंजूर झालं त्या दिवशी लग्न झालेलं असायलाच हवं, असा नियम आहे. आधी असायलम आणि मग लग्न, तर हा रस्ता बंद. मग ग्रीन कार्ड मिळेपर्यंत थांबा आणि दुसऱ्या रांगेत उभं राहा. अर्जही असायलम मिळाल्यापासून दोन वर्षांच्या आत करावा लागतो, तो त्यांनी पहिल्या काही आठवड्यांतच केला. तुमच्याकडून काही राहिलेलं नाही. रात्री जागून तू हे पुन्हा पुन्हा तपासतेस ना, ते आता थांबव.

लग्नाच्या वर्षीचा, २०२१ चा ऑगस्ट मला अजून लख्ख आठवतो. जावईबापू वडिलांच्या आजारपणासाठी काबूलला गेले होते, इथल्या युनिव्हर्सिटीत पीएच.डी.ला नाव होतं, भारताचा व्हिसा मुदतीत होता. १५ ऑगस्टला आपल्याकडे झेंडावंदन चाललेलं आणि टीव्हीवर काबूल पडल्याची बातमी. मी म्हटलं, व्हिसा आहे, येतील परत. २५ तारखेला सरकारने जाहीर केलं की जे अफगाण भारताबाहेर आहेत त्यांना आधी दिलेले सगळे व्हिसा रद्द, आता फक्त नवा ई-व्हिसा. बाबांनी बातमी दोनदा वाचली. त्याच दिवसांत, पूर्वी ज्या अमेरिकी प्रकल्पावर त्यांनी काम केलं होतं तिथल्या लोकांनी त्यांचं नाव यादीत घातलं आणि ते दोहामार्गे बाहेर पडले. ३० ऑगस्टला शेवटचं विमान गेलं. ते बडोद्याला का आले नाहीत, असं अजून लोक मला विचारतात. आपल्या देशाने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आश्रय मागायचा तर तसा कायदाच इथे नाही, हे त्यांना ओट्यावर उभ्याउभ्या कसं सांगायचं? मी एवढंच म्हणते की जिथे दार उघडलं तिथे माणूस गेला, आणि जिवंत आहे.

आता तुला भेटलेल्या त्या व्हिसा एजंटचं. तो म्हणतो पैसे भरा, फाइल वर काढून देतो. मने, मुळात या अर्जाला फी नाही. ज्याला फीच नाही त्याची घाई विकायला हा कोण? कुठल्या काउंटरवर तो पैसे भरणार आहे, ते त्याला विचार. नेहमीचा कालावधी उलटून गेला की तिथे रीतसर चौकशी करता येते, ती जावईबापू करू शकतात. ते जिथे राहतात तिथल्या खासदाराच्या कचेरीला लिहिलं तर तीही विचारणा करते, आणि त्याला पैसे पडत नाहीत. मानवतेच्या कारणावर लवकर निर्णय द्या अशी विनंतीही करता येते, पण तिला सबळ पुरावा लागतो. या पलीकडे जे कुणी सांगेल ते धंद्याचं.

त्याने मेडिकल आत्ताच करून घ्या म्हटलं, तेही नको. त्या तपासणीला मुदत असते. फाइल दिल्लीला यायच्या आत ती संपली तर पुन्हा खर्च. आणि व्हिजिटर व्हिसा काढून जा, पुढचं तिथे बघू, हा सल्ला तर कानाआड कर. तिकडे नवरा आहे, अर्ज पडलेला आहे, आणि खिडकीवर तू सांगणार की पंधरा दिवसांत फिरून परत येते? खरं सांगशील तर व्हिसा मिळणार नाही, खोटं सांगशील तर तो शिक्का आयुष्यभर पाठीशी लागेल. आपला कागद स्वच्छ आहे, तो स्वच्छच राहू दे.

तुला निवडणुकीची भीती आहे, ती खोटी नाही. ५ नोव्हेंबरला तिथे मतदान आहे आणि काय होईल ते इथे बसून सांगता येणार नाही. २०१७ च्या जानेवारीत ट्रम्पच्या एका सहीने माणसं विमानतळांवर अडकून पडली होती, हे आपण पाहिलं. पुन्हा तसं काही झालं तर तू लाजपतनगरच्या खोलीत असलीस काय आणि मुंबईत असलीस काय, अर्ज जिथे आहे तिथेच राहील. फरक एवढाच, की मुंबईत तुझ्या हाताला तुझं काम असेल आणि महिन्याला पगार.

त्या पगाराचंही बोलू दे. जावईबापूंना तिथून निर्वासितांचं प्रवासपत्र मिळतं, वर्षाची मुदत असते, निघण्याआधीच ते काढावं लागतं. अफगाणिस्तानात पाऊल टाकायचं नाही, ते तर त्यांना माहीत आहेच. पण त्या कागदावर ज्या देशाचा व्हिसा मिळेल तिथे ते जाऊ शकतात, आणि तूही. पगारातून तिकिटं काढा, आठ-दहा दिवस कुठेतरी भेटा. नवऱ्याला फोनच्या काचेत बघून तीन वर्षं झाली, बाई. भेटीचे फोटो आणि तिकिटं मुलाखतीत कामाला येतील, पण मी त्यासाठी म्हणत नाही. तुम्ही भेटावं म्हणून म्हणते.

आता तुझ्या सासूबाईंचं सांगते. दर शुक्रवारी त्यांचा व्हिडिओ कॉल येतो, हे तुला माहीत आहे, पण आम्ही काय बोलतो ते तू कधी विचारलं नाहीस. हिंदी मालिका बघून त्यांना जेवढं हिंदी येतं तेवढ्यावर चालतं. गेल्या शुक्रवारी मी गरब्याबद्दल सांगत होते. फाइन आर्ट्सच्या गरब्यात जावईबापू टाळी नेहमी एक मात्रा उशिरा द्यायचे, हे हाताने करून दाखवलं. त्या इतक्या हसल्या की मागून कुणीतरी बघायला आलं. मग हसता हसता गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "मेरा नाम नहीं है ना उस काग़ज़ में?" मी काय सांगणार? त्या अर्जात बायको आणि एकवीसच्या आतली, लग्न न झालेली मुलं, एवढ्यांनाच जागा आहे. आईला जागा नाही. मुलगा तिथला नागरिक होईल तेव्हा आईसाठी अर्ज करता येईल. ते किती लांब आहे हे त्यांनाही कळतं.

त्या म्हणाल्या, बहू जल्दी पहुँचे. स्वतःचं काही नाही. मग विचारलं, ती काम करते का? पोर घरात बसून वाळायला नको. त्यांच्या दोन्ही मुलींचं शिक्षण बंद झालं आहे, मने. मुलींना सहावीच्या पुढे शाळा नाही, आणि २०२२ च्या डिसेंबरपासून विद्यापीठंही बंद. ज्या बाईच्या मुलींना घराबाहेर काम करायची सोय राहिली नाही ती तुझ्या नोकरीची चौकशी करते, आणि तू आपल्या हाताने नेमणुकीचं पत्र परत पाठवणार? त्यांना मी हे सांगू शकणार नाही. मी सांगून ठेवलं आहे की सून मुंबईला मोठ्या संग्रहालयात लागते आहे. आधी तुला विचारायला हवं होतं म्हणशील, पण त्यांचा चेहरा असा खुलला की बोलून गेले.

बाबांचं म्हणणं वेगळं आहे, तेही लिहिते. त्यांना वाटतं नोकरी धरल्यावर तुझं तिकडे जायचं मन राहणार नाही. मी म्हटलं, जिने तीस दिवस फळ्यावरची नोटीस सोसली तिच्याबद्दल असं बोलू नका. आणि बोलावणं आलं तर राजीनामा देऊन जाईल. मुंबईच्या लोकांना आधीच खरं सांग, की असा अर्ज आहे, मंजूर झाला तर मला निघावं लागेल. चालत असेल तर घ्या. बहुतेक चालेल. त्यांनाही कामाचं माणूस हवं आहे.

दिवाळीला येशील तेव्हा तुझा जन्माचा दाखला बघून घे. महानगरपालिकेने आडनाव आधी आणि बाबांचं नाव शेवटी लिहिलं आहे, आपल्याकडची गुजराती रीत. पासपोर्टवर क्रम वेगळा आहे. अर्जाला तो जोडलेला नाही, पण मुलाखतीत मागितला तर तिथे गोंधळ नको. गुजराती दाखल्याचं इंग्रजी भाषांतर मी करून ठेवलं आहे, खाली भाषांतर करणाऱ्याने दोन्ही भाषा येतात असं लिहून सही करायची असते. ती सही माझी असू नये असं वाटतं, घरचं माणूस नको, म्हणून माझ्या जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीला सांगितलं आहे.

राजधानीचं तिकीट आजच काढ, नंतर मिळत नाही. मुंबईच्या लोकांना महिनाअखेरपर्यंत कळवायचं आहे, पण तू उद्याच कळव, आणि कळवलंस की मला फोन कर. रात्री कितीही वाजू देत.

जावईबापूंना माझे आशीर्वाद सांग. त्यांनाही हे पत्र वाचून दाखव, तुझ्या हिंदीत.

तुझी,
आई