'हाफ इंजिन'च्या बिलावर मापे लिहून द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नाशिकमध्ये जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांना पुन्हा भाव आला आहे. आरएक्स १००, शोगन, यज्दी अशा गाड्या शोधून काढायच्या, मडगार्ड उचलायचे, खाचांचे टायर चढवायचे आणि त्र्यंबक-घोटीकडच्या कच्च्या वाटांवर न्यायच्या, हा छंद वाढतो आहे आणि तो चांगला आहे. पण इंजिन बांधून झाले की बिलावर एकच ओळ असते: 'हाफ इंजिन काम' (म्हणजे फक्त वरचा सिलिंडर-पिस्टनचा भाग), पुढे रक्कम. बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) किती मारला, पिस्टन किती मापाचा, क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा खालचा दांडा) तपासला का, याचा पत्ता नसतो. ही मापे गॅरेजने लिहून द्यावीत आणि ग्राहकाने मागून घ्यावीत, एवढ्यासाठी हे पत्र.

नवा पिस्टन टाकलेले इंजिन पाचशे-हजार किलोमीटरमध्ये जाम झाले की दोष 'डुप्लिकेट पिस्टन'वर जातो. तो बहुतेकदा बिचाऱ्या पिस्टनचा नसतो. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल, हवा आणि ऑइल यांचे मिश्रण आधी खाली क्रँककेसमध्ये (क्रँकभोवतीच्या पेटीत) येते, तिथे दाबले जाते आणि मग सिलिंडरमध्ये चढते. म्हणून क्रँककेस हवाबंद असणे ही या इंजिनाची पहिली अट आहे. हाफ इंजिन कामात वरचा सिलिंडर-पिस्टन नवा होतो आणि क्रँकची दोन ऑइल सील वीस-तीस वर्षांची, दगडासारखी कडक झालेली, तशीच राहतात. मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या चक्राच्या) बाजूचे सील गळाले तर बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होते (हवा जास्त, पेट्रोल कमी), थ्रॉटल सोडला तरी इंजिन चढेच राहते, प्लग पांढरा पडतो आणि पिस्टन घासतो. क्लचच्या बाजूचे गळाले तर गिअर ऑइल आत ओढले जाते. खाली एक थेंब सांडलेला नसतो, तरी पातळी उतरते आणि पांढरा धूर थांबत नाही.

हे ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. बीपी मोजण्याचा फुगा आणि त्याचे घड्याळ पुरते. एक्झॉस्ट पोर्टवर (धूर बाहेर पडण्याच्या तोंडावर) जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवून पट्टी आवळा. कार्बोरेटर काढून इनटेकच्या रबरात फुग्याची नळी घातलेले बूच बसवा, म्हणजे त्या रबराची चीरही कळते. ऑइल पंपाची बारीक नळी बंद करा, प्लग लावा, पिस्टन खाली आणा आणि काटा २६० पर्यंत न्या. हा दाब सुमारे ५ पीएसआय भरतो. त्याहून फार चढवू नका, सीलच बाहेर येईल. काटा मिनिटाला ५० पेक्षा जास्त उतरला तर इंजिन चालवण्यालायक नाही. नव्या सीलवर तो पाच मिनिटे जवळपास हलता कामा नये. मग साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधा: हेड, सिलिंडरचा पाया, मॅग्नेटमागे. क्लचकडचे सील कव्हरआड असते, म्हणून ब्रीदर (गिअरच्या भागातली हवा बाहेर जाण्याची वाट) बंद करून गिअर ऑइल भरायच्या भोकावर साबणाचा पापुद्रा धरा. तिथे बुडबुडा फुगला की हे सील गळते असे समजायचे. ही चाचणी खोलण्याआधी एकदा आणि बांधल्यावर एकदा, अशी दोनदा हवी.

क्रँक बाहेर काढलाच तर व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून डायल (शतांश मिलिमीटर दाखवणारे घड्याळ) लावा. टोकांचा रनआउट (फिरताना दिसणारा वाकडेपणा) ०.०३ मिमीच्या आत हवा. कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून जराही खेळ जाणवला तर बिग एंड (रॉडचे खालचे बेअरिंग) गेला. बेअरिंगवर सी-३ (आत जास्त मोकळीक असल्याची खूण) कोरलेले असेल तर नव्यावरही तेच हवे. बेअरिंग हातोड्याने ठोकायचे नाही. क्रँककेस पाण्याचा थेंब चुरचुरेल इतकी तापवा, बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवा, ते अलगद बसते. आणि केसचे दोन अर्धे भाग उघडताना मध्ये स्क्रू-ड्रायव्हर घालू नका. तो ओरखडा पुढे कायमची गळती होतो.

बोअरबद्दल. आरएक्स १०० चा मूळ बोअर ५० मिमी. पिस्टन पाव-पाव मिमीने वाढत मिळतात. आधी पिस्टन हातात घ्या, पिनला काटकोनात स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या भागावर) मापा आणि मग त्या पिस्टनसाठी बोअर मारा. 'पन्नासचा (म्हणजे ०.५० मिमी) ओव्हरसाइज मारून ठेवा' असे फोनवर सांगणे हीच चुकीची सुरुवात. हवेवर थंड होणाऱ्या लोखंडी लायनरला या आकारात पिस्टनभोवती ०.०४ ते ०.०५ मिमी मोकळीक साधारण पुरते. बोअरनंतर पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या) कडा धारदार राहतात, त्या हाताने मोडल्या नाहीत तर रिंग अडकून तुटते. लेथवाल्याला हे वेगळे सांगावे लागते, कारण फोर-स्ट्रोकच्या सिलिंडरला पोर्टच नसतात. होनिंगची (बोअर दगडाने घासण्याची) पूड पेट्रोलने निघत नाही. कोमट पाणी, साबण आणि ब्रश, पांढरे फडके काळे यायचे थांबेपर्यंत, आणि लगेच तेलाचा हात. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून गॅप पाहा: ०.१५ ते ०.३० मिमी. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे.

आता चमक. केसला सँडब्लास्टिंग करून आणायची फॅशन आली आहे. दिसते सुंदर, पण वाळूचे कण ओतीव ॲल्युमिनियमच्या छिद्रांत आणि ऑइलच्या वाटांत बसतात, गरम झाल्यावर सुटतात आणि थेट बेअरिंगमध्ये जातात. पाण्यासोबतचे वेपर ब्लास्टिंग त्यातल्या त्यात बरे. तेही जुनी बेअरिंग आत ठेवून आणि गॅस्केटच्या जागा झाकून करा, नंतर ती बेअरिंग फेकून द्या. सिलिंडरच्या फिनवर (थंड करणाऱ्या पात्यांवर) उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा पातळ हात पुरे. जाड पावडर कोटिंग म्हणजे उन्हाळ्यात घोंगडी.

पेट्रोलचेही पाहावे लागते. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आहे. इथेनॉल पाणी ओढते. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली तर पाणी-इथेनॉल टाकीच्या तळाशी बसू शकते, आणि टाकीत मिसळलेले ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहते. इंजिनाला पहिला घोट तळातला, म्हणजे बिनऑइलचा मिळतो. ठेवायची गाडी टाकी-कार्बोरेटर रिकामे करूनच ठेवा. या पेट्रोलवर मिश्रणही थोडे पातळ होते, तेव्हा मेन जेट (कार्बोरेटरमधले पेट्रोल मोजून सोडणारे भोक) प्लगचा रंग पाहून ठरवा. पंप असलेल्या इंजिनाला बांधल्यावर पंपातली हवा काढा आणि पहिल्या टाकीत लिटरला २० मिली ऑइल वेगळे घाला.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शतांश मिलिमीटरवर रोज काम चालते. बोअर गेज, डायल, व्ही-ब्लॉक या शहराला नवे नाहीत. दुचाकीच्या गॅरेजपर्यंत मात्र ते पोचलेले नाहीत. सातपूरच्या आयटीआयने गॅरेजवाल्या मुलांसाठी एखाद्या रविवारी मापनाचा वर्ग घ्यावा. एक भंगारातला सिलिंडर, एक बोअर गेज आणि बीपीचा फुगा एवढ्या साहित्यावर तो होईल.

आपला,
एक मेकॅनिक, सिडको, नाशिक