समासातल्या ‘राहू द्या’साठी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

दर महिन्याच्या अखेरीला मी माझ्या कामाचा आणि वाचनाचा हिशेब मांडते. काय छापून आलं, काय परत आलं, कुणाकडे काय अडकलंय, उशाशी कोणतं पुस्तक होतं. फ्रीलान्स लिहिणाऱ्या माणसाला आपण महिनाभर नेमकं काय केलं, हे स्वतःलाच सांगावं लागतं. या वेळी वही उघडली, ‘ब्रेलवरचा लेख, छापून आला’ असं लिहिलं आणि पुढे जाववेना. म्हणून हे पत्र. उघड लिहितेय, कारण तुम्ही जे केलंत ते चार लोकांना कळावं असं मनापासून वाटतं.

आधी जुनी जखम सांगते. दोन वर्षांपूर्वी याच विषयावर मी दुसरीकडे एक छोटा लेख दिला होता. मी लिहिलं होतं ‘ब्रेल लिपी’. छापून आलं ‘ब्रेल भाषा’. तेही मथळ्यात, आणि खाली माझं नाव. विचारलं नाही, कळवलं नाही. तिसऱ्या दिवशी एका वाचकाचा फोन आला. आवाजात राग नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. म्हणाले, “बाई, मी मराठीच वाचतो हो. फक्त बोटांनी वाचतो.” मी काय बोलणार? ‘ते मी लिहिलेलं नाही’ हे वाक्य अशा वेळी किती केविलवाणं वाटतं, ते ज्याच्यावर आलंय त्यालाच कळेल. दुरुस्ती छापा म्हणून मी तिथल्या माणसांना तीनदा लिहिलं. एकदाच उत्तर आलं: छापून झालं की झालं. माझ्यापुरतं ते तिथं संपलं नाही. त्यानंतर छापून आलेला स्वतःचा लेख उघडताना दर वेळी पोटात गोळा यायचा.

त्यामुळे तुम्ही लेख मागितलात तेव्हा हो म्हणायला मी चार दिवस घेतले. कारण सांगितलं नव्हतं, आज सांगते.

आणि मग तुमचे ते फोटो आले. लेख छापील कागदावर काढून, पेन्सिलीनं खुणा करून, पानापानाचे फोटो काढून तुम्ही पाठवलेत. एका फोटोच्या कोपऱ्यात तुमचा अंगठा आलाय, नखाला पेन्सिलीची काजळी लागलेली. दुसऱ्या पानावर माझं सगळ्यात लाडकं वाक्य होतं. ही लिपी तयार करणाऱ्या लुई ब्रेलचा जन्म १८०९ चा. तीन वर्षांचा असताना वडिलांच्या कारखान्यात, जिथं घोड्यांचे लगाम-खोगीर बनायचे तिथं, खेळता खेळता आरी डोळ्यात घुसली. संसर्ग दुसऱ्या डोळ्यात गेला आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले. त्यावर मी लिहिलं होतं: ‘ज्या आरीनं दृष्टी नेली, त्याच आरीनं तो पुढे अक्षरं टोचत बसला.’

तुम्ही ते वाक्य आधी खोडलंत. रेघ स्पष्ट दिसतेय. मग त्या खोडलेल्या शब्दांखाली ठिपके दिलेत, एकेक, सावकाश, आणि समासात लिहिलंत, ‘राहू द्या’. ‘त्याच’भोवती एक गोल आणि बाजूला प्रश्न: ‘त्याच? की तशाच?’

ताई, मी तो फोटो मोठा करून कितीतरी वेळ बघत राहिले. खोडायचा अधिकार तुमचा होता. वाक्य भावुक आहे, जागा कमी आहे, यातलं कुठलंही कारण पुरलं असतं. तुम्ही खोडलंत, पुन्हा वाचलंत, आणि मन बदलल्याची खूणही माझ्यापासून लपवली नाहीत. इतकंच नाही, त्या वाक्यातली लबाडी नेमकी एका शब्दात पकडलीत. ‘त्याच आरीनं’ ही गोष्ट मी इतक्या ठिकाणी वाचली होती की तपासायचं सुचलंच नाही. तुमच्या प्रश्नानंतर अर्धा दिवस शोधलं. भरवशाच्या कुठल्याही ठिकाणी ‘त्याच’ला आधार सापडला नाही. ‘तशाच टोकदार हत्यारानं’ असं केलं, आणि वाक्य पहिल्यापेक्षा खरं आणि मला वाटतं जास्त चांगलं झालं.

चूक दाखवणारे भेटतात. चूक दाखवून निर्णय तुमच्याच हातात ठेवणारे फार थोडे. लेखकाला विचारायला एक फोन लागतो, दोन मिनिटं लागतात, आणि ती दोन मिनिटं माणसं का देत नाहीत हे मला खरंच कळत नाही. चांगुलपणाला मोठा खर्च नसतो. समोरच्याचं काम आपल्या हातात आहे, ते जपून धरायचं, एवढंच. ब्रेललाही असं कुणी हवं होतं. पंधराव्या वर्षी त्यानं आपली पद्धत जवळपास पूर्ण केली, १८२९ मध्ये ती प्रसिद्ध झाली, आणि ज्या शाळेत तो शिकला व शिकवत राहिला त्या शाळेनं ती अधिकृतपणे स्वीकारली १८५४ मध्ये. तो १८५२ मध्येच गेला होता, त्रेचाळिसाव्या वर्षी. लेख लिहिताना या दोन वर्षांपाशी मी थांबले होते. तुमचे फोटो आल्यावर पुन्हा थांबले.

आता राहिलेला हिशेब. एका संस्थेच्या स्मरणिकेचं संपादन पूर्ण झालं. दोन भाषणं लिहून दिली, त्यावर माझं नाव नसणार आणि ते ठरलेलंच होतं. एक लेख परत आला, एकाचं तीन महिने ‘कळवतो’ चाललंय. वाचनात मुद्रितशोधनाच्या खुणांविषयी बरंच वाचलं, ते तुमच्यामुळेच. तुमच्या ठिपक्यांना इंग्रजी मुद्रितशोधक समासात ‘स्टेट’ (stet) लिहितात, लॅटिनमधून आलेला शब्द, अर्थ ‘राहो’. तुमचं ‘राहू द्या’ मला जास्त आवडलं, त्यात विनंती आहे. शिवाय मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती, रोज रात्री दोन पानं.

आणि एक काम या महिन्यात केलं जे वहीच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. त्या वाचकांचा नंबर शोधला आणि फोन केला. लेखाचा मथळा वाचून दाखवला, ‘लिपी’ शब्दावर जरा थांबून. मग ते वाक्य, आणि तुमच्या खुणेची गोष्ट. ते म्हणाले, “शब्दांच्या खाली ठिपके? किती दिलेत त्यांनी?” मी फोटो उघडला आणि मोजले. तेवीस. पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग म्हणाले, “आमचं एक अक्षर सहा ठिपक्यांत बसतं. त्यांना सांगा, तेवीस मिळाले म्हणून.”

सांगितलं.

आपली,
एक मुक्त लेखिका