बंद म्हणजे नेमकं काय बंद?

चि. ईशा,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सहज म्हणालीस, "बाबा, आमच्या मशीनमध्ये कोबाल्ट वगैरे नाही, स्विच बंद केला की रेडिएशन संपलं." किरणोत्सर्गी कोबाल्ट स्वतःहून सतत किरण सोडतो; तुमचं ॲक्सिलरेटर विजेच्या जोरावर इलेक्ट्रॉनचा झोत, म्हणजे बीम, काढतं. म्हणून तुझं अर्धं खरं आहे. पत्र उरलेल्या अर्ध्यासाठी.

कुठला स्विच? १९९१ साली अमेरिकेत मेरिलँडमध्ये ३० लाख व्होल्टच्या ॲक्सिलरेटरवर एक ऑपरेटर बीम जिथून बाहेर पडतो त्या खिडकीपाशी दुरुस्ती करत होता. फिलामेंट, म्हणजे तापून इलेक्ट्रॉन सोडणारी तार, बंद, म्हणजे बीम बंद, असा त्याचा हिशेब. हाय व्होल्टेज मात्र चालूच होतं. फिलामेंट थंड असलं तरी एवढ्या व्होल्टेजला थोडे इलेक्ट्रॉन निसटतातच. यालाच डार्क करंट म्हणतात. उत्पादनाच्या हिशेबात तो नगण्य, पण हाताला पुरून उरतो. काही महिन्यांत त्याची बोटं कापावी लागली.

तेव्हा हाय व्होल्टेज बंद, आणि त्याची किल्ली तुझ्या खिशात. ड्रॉवरमध्ये नाही, सोबत्याकडेही नाही. आत जाताना रेडिएशन मोजणारा सर्व्हे मीटर हातात हवा, आणि तो आधी चेक सोर्सजवळ, म्हणजे तपासणीसाठीच्या छोट्या किरणोत्सर्गी तुकड्याजवळ, धरून बघ. बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो. तुमचं मशीन पल्सवालं, म्हणजे बीम तुटक ठोक्यांत सोडणारं, असेल तर गायगर प्रकारच्या मीटरवर विसंबू नकोस, तो अशा बीममध्ये खूप कमी आकडा दाखवू शकतो. आयन चेंबर प्रकारचा मीटर माग. छातीवरचा टीएलडी बॅज (अंगावर पडलेलं रेडिएशन नोंदवणारा बिल्ला) झालेला डोस नंतर सांगतो, वाचवत नाही.

बीममुळे हवेतून ओझोन हा विषारी वायू बनतो; त्याचा तिखट वास आला तर पंखा पुरेसा चालू द्यायचा, मगच आत. थोड्या वेळाने नाकाला तो वास कळेनासा होतो, हेही ध्यानात ठेव. आणि अर्थिंग रॉड, म्हणजे साठलेली वीज जमिनीत उतरवणारी दांडी, लावल्याशिवाय हाय व्होल्टेजच्या टर्मिनलला हात नाही.

आता माझी गोष्ट, तुझ्या आईलाही ठाऊक नाही. तरुणपणी एकदा दाराचा लिमिट स्विच, म्हणजे दार उघडताच मशीन थांबवणारा स्विच, सारखा त्रास देत होता, म्हणून मी त्याला तार मारून बायपास केला. पाच मिनिटांचं काम. मग चहाला गेलो आणि विसरलो. दुसऱ्या पाळीच्या फिटरला ती तार दिसली, म्हणून बरं. तो काही बोलला नाही. तार काढून माझ्या टेबलावर ठेवून गेला. ती अजून माझ्या पेटीत आहे.

रविवारी फोन कर. तुमच्या दारापासून बीमपर्यंत किती इंटरलॉक, म्हणजे बीम आपोआप थांबवणारे असे स्विच, आहेत, ते स्वतः मोजून सांग. ड्रॉइंग बघून नको.

तुझा,
बाबा