घरचं रक्त नको, बाबा

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

आईचा खुब्याचा सांधा बदलायचा ठरला, आणि बाबा, परवा फोनवर तुम्ही निकाल देऊन टाकलात, "हिच्या ऑपरेशनला रक्त लागलं तर घरचंच द्यायचं, बाहेरचं नको." दादा तयार, दादाचा मित्र तयार, रामबागेतली गल्लीतली दोन पोरं तयार, आणि तुम्ही स्वतः बाही वर करून बसलेले. फोनवर तुमच्याशी वाद घालून जिंकलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही, म्हणून लिहितेय. रोज रक्ताच्या पिशव्यांमध्येच दिवस जातो माझा, तेव्हा या एका बाबतीत माझं ऐका.

तुमचा प्रश्न लगेच सुटतो. रक्तदानाला वयाची मर्यादा पासष्टची आहे, ती तुम्ही केव्हाच ओलांडलीत. बाही खाली घ्या.

दादाचं मात्र नीट सांगायला हवं, कारण "मुलाचं रक्त आईला" यात सगळ्यांनाच काहीतरी फार चांगलं वाटतं. वैद्यकीयदृष्ट्या तो सगळ्यात नको असलेला दाता आहे. इतक्या जवळच्या नात्यात दात्याच्या पांढऱ्या पेशी घेणाऱ्याच्या शरीराला कधी कधी परक्या वाटतच नाहीत. त्या मारल्या जात नाहीत, तिथेच टिकतात, वाढतात आणि त्याच शरीरावर उलटतात. क्वचित होतं, पण झालं तर माणूस सहसा वाचत नाही. म्हणून जवळच्या नातेवाइकाचं रक्त द्यायचंच झालं तर पिशवीला आधी किरणोत्सर्ग द्यावा लागतो. दुसरं असं, की लाल पेशींवर ए, बी आणि आरएच एवढ्याच खुणा नसतात, आणखी कितीतरी असतात. बाळंतपणात बाळाच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात उतरतात, आणि त्यांच्यावर बापाकडून आलेल्या खुणा असतात. त्यांच्याविरुद्ध आईच्या रक्तात अँटिबॉडी, म्हणजे त्या खुणा ओळखून हल्ला करणारी प्रथिनं, तयार झाल्या असू शकतात. म्हणजे आई, आमच्या दोन बाळंतपणांनंतर तुझं रक्त ज्यांच्यावर चिडण्याची शक्यता जास्त, ते म्हणजे बाबा आणि आम्ही दोघं. (यावर बाबा काय म्हणतील ते मला ऐकू येतंय.)

म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी धावाधाव नको. आईच्या रक्ताचा ग्रुप आणि अँटिबॉडी स्क्रीनिंग, दोन्ही या आठवड्यातच करून घ्या. स्क्रीनिंगमध्ये काही सापडलं, तर जुळणारी पिशवी शोधायला वेळ लागू शकतो, आणि तो आत्ता आपल्या हातात आहे. ऑपरेशनच्या वेळी ते ताजा नमुना घेऊन पुन्हा तपासतील, ते वेगळं.

"बाहेरचं" या शब्दामागे तुमच्या डोक्यात काय आहे तेही मला ठाऊक आहे. काकांच्या वेळी हॉस्पिटलबाहेर पैसे देऊन माणूस आणला होता, ते तुम्ही विसरला नाहीत. पण तो काळ गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर 1 जानेवारी 1998 पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर देशभर बंदी आहे. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासणी सक्तीची आहे. शिबिरात आपणहून येऊन रक्त देणाऱ्या माणसाला काही लपवायचं कारण नसतं. घरच्यांवर मात्र दबाव असतो. "आईसाठी एवढंही नाही का करत?" असं विचारल्यावर आपला आजार कोण सांगेल? दादाला द्यायचंच असेल तर त्याने खुशाल द्यावं, ते दुसऱ्या कुणाला तरी जाईल.

आता खरा मुद्दा. पिशवी कुणाची, यापेक्षा पिशवी लागूच नये हे पाहायचं. आई, तुझं हिमोग्लोबिन 10.4 आलंय. बायकांमध्ये 12 च्या खाली ॲनिमिया धरतात. खुब्याचा सांधा बदलताना, दिसणारा आणि आत मुरणारा रक्तस्राव धरला, तर हिमोग्लोबिन साधारण अडीच-तीनने उतरतं. 13 वरून निघालीस तर 10 वर थांबशील. 10.4 वरून निघालीस तर आठच्या खाली. आणि आठ हीच हल्लीची सीमा आहे. पूर्वी दहाच्या खाली गेलं की सरळ रक्त चढवत. 2011 साली अमेरिका आणि कॅनडातल्या खुब्याचं हाड मोडलेल्या 2016 वयस्क रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या सगळ्यांना हृदयविकार किंवा त्याचा धोका होता. दहावर रक्त दिलेले आणि आठपर्यंत थांबवलेले, दोघंही साठ दिवसांनी सारखेच चालत होते, मृत्यूंतही फरक नव्हता. तेव्हा डॉक्टर म्हणाले "थांबू या" तर बाबा, कंजुषी करताहेत असं समजू नका. आणि दिलंच तर एक पिशवी, हळूहळू, मग पुन्हा तपासणी. एका पिशवीने साधारण एकाने वाढतं. या वयात भराभर दोन चढवल्या तर हृदयावर आणि फुप्फुसांवर पाण्याचा भार येतो.

हिमोग्लोबिन कमी का आहे, हे आधी शोधा. माझा संशय दुखण्याच्या गोळ्यांवर आहे. खुबा दुखतो म्हणून आई त्या किती काळ मेडिकलमधून आणून घेतेय, हे तिने डॉक्टरांना सांगितलंय का? त्या गोळ्यांनी पोटात जखमा होतात आणि रक्त थेंबथेंब जात राहतं, कळत नाही. फेरिटिन तपासा, त्यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो, आणि शौचातलं रक्तही तपासा. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की शौच काळं होतं, म्हणून ही तपासणी त्याआधीच करा. गोळी सकाळच्या पोह्या-चहाबरोबर अजिबात नको. चहा आणि कॅल्शियम दोन्ही लोह अडवतात. इंदूरकराला चहा सोड म्हणणार नाही मी, पण मधे दोन तास जाऊ दे. गोळ्यांनी वेळेत भरत नसेल तर शिरेतून लोह देतात, हे डॉक्टरांना विचारा. आणि बाबा, बीटचा रस बंद केलात तरी चालेल. लाल रंग सोडला तर त्यात रक्त वाढवण्याजोगं फारसं काही नाही.

ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड देणार आहात का, हेही विचारा. जपानच्या ओकामोतो दांपत्याने शोधलेलं हे औषध 1962 पासूनचं आहे, स्वस्त आहे. गुठळी विरघळू देत नाही, त्यामुळे रक्त बरंच कमी जातं. पण पायात किंवा फुप्फुसात पूर्वी गुठळी झाली असेल तर ते सांगायलाच हवं. हृदयासाठीची आईची छोटी गोळी, रक्त पातळ ठेवणारी, ती मात्र कुणाच्या सांगण्यावरून परस्पर बंद करू नका. हृदयाचे आणि हाडांचे डॉक्टर मिळून ठरवतील.

आणि आई, हे तुझ्यासाठी. पिशवी लावायच्या आधी दोघं जण तुझं नाव, नोंदणी क्रमांक, ग्रुप आणि पिशवीवरची मुदत मोठ्याने वाचून ताडून पाहतात. तेव्हा "हो हो" म्हणू नकोस, पूर्ण नाव स्वतः सांग. रक्ताच्या बाबतीतल्या जीवघेण्या चुका बहुतेक नावाच्या अदलाबदलीच्या असतात. पहिली पंधरा मिनिटं जास्त जपायची. थंडी वाजली, पाठ दुखली, धाप लागली, तर लगेच सांगायचं. "कशाला सिस्टरला त्रास" हे तिथे चालणार नाही.

मी ऑपरेशनच्या आधीच येतेय, रजा मंजूर झाली आहे. तोवर रिपोर्टचे फोटो पाठवत राहा. मागच्या फोटोत अर्धा कागद आणि बाबांचा अंगठा होता, आकडे मला दादाकडून घ्यावे लागले.

तुमची,
मनू